कुजबुजही नको

डॉक्टरबाईंनी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत सरकवली आणि पडद्यावर मला माझे स्वरतंतू दाखवले. दोन्हींवर समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. "शिक्षिका ना तुम्ही? शिक्षकांमध्ये हे खूप दिसतं," त्या म्हणाल्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं. दहा दिवस पूर्ण मौन, त्यानंतर आवाजाचे व्यायाम. मी मान हलवली आणि ओठांतल्या ओठांत विचारलं, "हळू बोललं तर?" त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "कुजबुजही नको. कुजबुजताना उलट जास्त ताण येतो."

बावीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. वर्ग रस्त्याच्या बाजूला. डोक्यावर चार पंखे, खाली पन्नासेक मुलं. आवाज चढवल्याशिवाय तिथे पाढेसुद्धा होत नाहीत. शाळा सुटली की भायखळ्याची आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च. महिला मंडळाची गुरुवारची सभा, कुणाकडे बारसं, कुणाकडे वर्षश्राद्धाची प्रार्थना, दवाखान्यातल्या भेटी. "बाई, तुम्हीच प्रार्थना करा," असं म्हटलं की मी डोळे मिटायचे आणि शब्द यायचे. अडखळणं ठाऊक नव्हतं. बायका म्हणायच्या, तुमची प्रार्थना ऐकली की रडू येतं. मलाही ते आवडायचं. हे आज लिहिताना हात थोडा थांबतो, पण खरं आहे.

त्या रात्री जेवणं झाल्यावर नेहमीसारखी कौटुंबिक प्रार्थना झाली. ह्यांनी केली, तीन वाक्यांत. मग मुलगा अभ्यासाला बसला, सासूबाई झोपल्या आणि मी एकटी प्रार्थनेला बसले. एकटी असतानाही मी कुजबुजतच प्रार्थना करत आले होते. आता तेही बंद. मनात म्हणू लागले, "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणांजवळ..." आणि पुढे काही नाही. वाक्य पाठ होतं, पण आवाजाशिवाय ते चालेना, दोरा नसलेल्या सुईसारखं. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मला प्रार्थना करता येत नाही. मला बोलता येतं, एवढंच.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सांगायला आवाजही नव्हता. पण त्या पाच मिनिटांनी मी जेवढी घाबरले तेवढी त्या पडद्यावरच्या गाठींनी घाबरले नव्हते.

आमची परंपराच शब्दांची आहे. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि त्यांनी काय केलं, तर शाळा काढल्या, छापखाना घातला, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून मुंबईला आले ते वाचता येत होतं म्हणून. आमच्या उपासनेत उपदेश मोठा, साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, मोठी, भजन-कीर्तन टाळ-पेटीवर. मला या सगळ्याचा अभिमान आहे आणि राहील. पण आमच्या उपासनेत कुठे दहा सेकंदही शांतता झाली, तर कुणीतरी खाकरतं, पेटीवाला सूर धरतो आणि पाळकसाहेबांना वाटतं माइक बंद पडला. गप्प बसण्याचा अर्थ आमच्याकडे एकच: काहीतरी बिघडलं.

दहा दिवस मी मुलाची जुनी पाटी वापरली. तेव्हा जखऱ्याची आठवण येणं साहजिकच होतं. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात हा म्हातारा याजक मंदिरात धूप जाळायला जातो, देवदूत त्याला मुलगा होणार असं सांगतो, तो विश्वास ठेवत नाही आणि मुका होतो. बाळाचं नाव ठेवायची वेळ येते तेव्हा तो पाटी मागून त्यावर "योहान" लिहितो. शब्बाथशाळेत, मुलांच्या रविवारच्या वर्गात, ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेन, आणि प्रत्येक वेळी शिक्षा म्हणूनच सांगितली. आता वाटू लागलं, त्याच्या बायकोला, अलीशिबेला, त्या नऊ महिन्यांत घरात किती बरं वाटलं असेल. आणि त्याचं तोंड उघडतं तेव्हा तक्रार नाही, स्तोत्र बाहेर पडतं. नऊ महिने ते आत कुठेतरी शिजत असणार.

माझं मात्र आत काही शिजत नव्हतं. उलट पाटीवर मी भराभर लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. भाजीत मीठ कमी. दूध आणलं का. चार्जर कुठे ठेवलास. मोबाइलवर तर बोलण्याच्या दुप्पट संदेश पाठवले. पाचव्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, तू गप्प आहेस असं वाटतच नाही." तो चिडून नाही म्हणाला. निरीक्षण म्हणून म्हणाला आणि ते अचूक होतं. तोंड बंद करणं आणि गप्प होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला एका बारावीच्या मुलाने दाखवलं.

आवाज महिन्याभरात बराच सुधारला. व्यायाम चालू राहिले. पण ती रात्र मनातून जाईना. मग मी ठरवलं की रोज पहाटे वीस मिनिटं गप्प बसायचं, देवासमोर, काही न मागता.

कुठे बसायचं हा पहिला प्रश्न. करी रोडला आमची दहा बाय बाराची खोली आणि मागे स्वयंपाकघर. चार माणसं. येशू म्हणतो, प्रार्थना करशील तेव्हा खोलीत जा, दार लाव. कोणती खोली? एकच आहे, तिच्यात तिघं झोपलेले. एकदा रविवारच्या उपदेशात पाळकसाहेबांनी सांगितलं की मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात जो मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ आहे कोठीची खोली, धान्य-सामान ठेवायची जागा. त्या काळच्या साध्या घरात दार लावता येईल अशी तीच एक. मी घरी आले आणि स्वयंपाकघराकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. तांदळाचा डबा, गव्हाचा डबा, वर तेलाचा कॅन, आणि दार. दाराची कडी नीट लागत नव्हती, ती ह्यांच्याकडून बसवून घेतली.

पाण्याची वेळ पाचची. म्हणून मी साडेचारला उठायचे, तांदळाच्या डब्याला पाठ टेकून पाटावर बसायचे. पहिले काही दिवस मला मुंबईवर राग यायचा. साडेचारलासुद्धा हे शहर गप्प बसत नाही. पहिल्या लोकलचा घरघराट, खाली दुधाच्या टेम्पोचं दार, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी खोकला, आणि पाचला पाच कमी असताना मोटर चालू झाली की सगळ्या चाळीत बादल्या वाजतात. मला वाटायचं, डोंगरावर असते तर जमलं असतं. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो की येशू मोठ्या पहाटे उठून रानात गेला. आमच्याकडे रान कुठून आणायचं?

दोन-तीन आठवड्यांनी कळलं की बाहेरचा आवाज ऐकू येतो, पण तो टोचत नाही. टोचतो तो आतला. कालच्या पालकसभेत मी काय बोलायला हवं होतं. नणंदेने फोन का केला नाही. आणि यापेक्षा वाईट म्हणजे, मनात वाक्यं जुळायची. या अनुभवावर गुरुवारी कशी साक्ष देता येईल, सुरुवात कुठून करावी, कुठला दाखला घ्यावा. मी शांत बसले होते ती कुणाला तरी सांगण्यासाठी. हे ध्यानात आलं तेव्हा मी पाटावरून उठले आणि चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी परत बसले.

एक ओळ धरून बसायचं हे मी स्वतःच शोधलं. बायबलात यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय ओरडतो, "येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर." त्यातला शेवटचा भाग तेवढा, श्वासाबरोबर, आवाज न करता. मन भटकलं की परत त्यावर यायचं. हे मी शोधलं असं मला वाटत होतं. पुढे कळलं की पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंमध्ये जवळपास हीच प्रार्थना शेकडो वर्षांपासून चालू आहे. मला आनंद झाला. आपण एकट्याच चालतो आहोत असं वाटावं आणि वाटेवर जुन्या पावलांचे ठसे दिसावेत, तसा.

शाळेत माझ्याबरोबर वसईच्या एक कॅथलिक बाई आहेत. दुपारच्या डब्याला आम्ही शेजारी बसतो. त्यांना मी हे सगळं सांगितलं, अगदी ते साक्षीचं वाक्य जुळवण्याचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "एकटीने करू नकोस. आमच्यात रिट्रीटला, एकांतातल्या साधनेला, कुणीतरी सोबत देतात, रोज अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं, बाकी दिवस मौन. दिवाळीच्या सुट्टीत जा." गोराईला सिस्टरांचं एक घर आहे, पाच दिवसांसाठी त्यांनी माझं नाव तिथे दिलं. मी प्रोटेस्टंट आहे हेही सांगितलं. त्यांना काही अडचण नव्हती.

अडचण आमच्याकडे होती. महिला मंडळात एक जण म्हणाली, "मौन तर विपश्यनावाले पाळतात, आपल्याला कशाला?" दुसरीने विचारलं की तिथे मरियेची माळ म्हणायला लावतील का. प्रश्न प्रामाणिक होते, मी त्यांना प्रामाणिक उत्तर दिलं: मला माहीत नाही, पण जे माझ्या विवेकाला पटणार नाही ते मी करणार नाही. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं: "पाच दिवस एकटी? तुला रडू आलं तर जवळ कोण असेल?" तो खरा प्रश्न होता, आणि तो त्यांनी विचारला याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

बोरिवलीला उतरून गोराई खाडीच्या जेट्टीवर गेले. या बोटीत मी याआधी मुलांना एस्सेलवर्ल्डच्या सहलीला घेऊन बसले होते, शिट्टी गळ्यात, डोकी मोजत. या वेळी हातात एक पिशवी. खाडीच्या मध्यावर आलं की विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस समोर येतो. 2009 साली त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नसलेला दगडी घुमट आहे, आणि त्याखाली आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. मंडळीतल्या बाईचं वाक्य आठवलं. आठ हजार माणसं गप्प बसायला शिकतात आणि आम्ही, ज्यांचा प्रभू सेवेला लागण्याआधी चाळीस दिवस अरण्यात राहिला, आम्ही शांततेला बाहेरची समजतो. मला त्या बाईचा राग आला नाही. मलाही सहा महिन्यांपूर्वी तसंच वाटत होतं.

घर साधं होतं. एका माणसाची खोली, खाट, टेबल, भिंतीवर क्रूस, खिडकीबाहेर नारळ आणि त्यापलीकडे समुद्राचा आवाज. फोन ऑफिसात जमा केला. माझ्या सोबतीला दिलेल्या सिस्टर वसईच्या होत्या, सत्तरीच्या. वही नाही, प्रश्नावली नाही. त्यांनी पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "पहिला राजे, एकोणिसावा अध्याय. आठव्या ओवीपर्यंतच. आणि झोप आली तर झोपा."

आमच्याकडे ओवी नाही म्हणत, वचन म्हणतात. पण बायबलातला हा अध्याय माझ्या ओळखीचा. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन पळतो, रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो आणि झोपतो. देवदूत येऊन त्याला हलवतो: ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो आणि परत झोपतो. मी वाचलं, आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत झोपले. किती वर्षांचं झोपणं ते होतं कुणास ठाऊक. उठले तेव्हा अपराधी वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "देवदूताने एलीयाला आधी उपदेश केला का? आधी भाकर दिली."

भाकर तिथेही होती, तांदळाची. गावातली एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, मावशी रांधायला यायची. गोराई तशी मासेमारीची, मिठागरांची आणि भातशेतीची जुनी वस्ती. त्या लोकांची मराठी माझ्या कानाला वेगळी, पण समजणारी. पहिल्या रात्री ती "जेव गो" म्हणाली आणि मग जीभ चावली, कारण माझ्याशी बोलायचं नव्हतं. त्यांच्या बाटलीतल्या मसाल्याचं बोंबलाचं कालवण मी इतक्या सावकाश कधी जेवले नव्हते. बोलायचं नसलं की जेवण लांबतं हे मला नवीन होतं. मी घरी दहा मिनिटांत उरकते.

दिवसातून चार वेळा एक-एक तास बसायचं, उरलेला वेळ चालायचं, पडायचं, समुद्रावर जायचं. ही रीत इग्नाशियस लोयोलाची. स्पेनमधला हा लढवय्या तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला, त्यातून उठला आणि 1522 साली मान्रेसा नावाच्या गावात बरेच महिने राहून त्याने स्वतःच्या मनाच्या हालचाली टिपल्या. त्यातून त्याने साधनेची एक पद्धत बसवली. पुरी साधना तीस दिवसांची. आमच्यासारख्यांना तिचा छोटा भाग देतात. 1548 साली पोपने तिला मान्यता दिली. मी मुद्दाम हे सिस्टरांना विचारून घेतलं, कारण ज्या वाटेने जायचं ती कुणी आखली हे मला माहीत हवं असतं.

दुसरा दिवस वाईट गेला. पहाटेचा तास बरा झाला, पण अकराचा तास संपेना. ऑक्टोबरचं ऊन, घामाने पाठ भिजलेली, खिडकीत माशी. मी घड्याळ बघितलं, अकरा वाजून वीस मिनिटं. पुष्कळ वेळाने परत बघितलं, अकरा चोवीस. खोलीतल्या गोष्टी मोजून झाल्या. वाटलं, शाळेचे पेपर तपासायचे राहिलेत, घरी सासूबाईंच्या गोळ्या संपल्या असतील, हे सगळं सोडून मी इथे माशी बघत बसले आहे. चाळीस मिनिटांनी उठून बाहेर आले.

संध्याकाळी सिस्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा साधू इजिप्तच्या वाळवंटात राहत होता. त्याने लिहून ठेवलंय की दुपारचा भूत सगळ्यांत चिवट. तो साधूला सूर्य थांबल्यासारखा दाखवतो, खिडकीतून परत परत बाहेर बघायला लावतो, घरच्यांची आठवण काढून देतो. मी ऐकतच राहिले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने माझी खोली बघितली होती. मग त्यांनी इग्नाशियसची एक सूचना दिली. मन कोरडं झालं, उठावंसं वाटलं, तर ठरलेल्या तासाहून थोडं जास्त बसायचं. शिक्षा म्हणून नाही. पळून जायची सवय मोडावी म्हणून. "एक मिनिट जास्त बसा," त्या म्हणाल्या. "एकच."

आणि वाचन पुढे दिलं, होरेब डोंगरावरचं. वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यांनंतरची ती मंद वाणी. सगळे इथे मंद वाणीवर बोलतात, मीही बोललेली आहे. या वेळी मला दुसरंच दिसलं. देव एलीयाला विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया उत्तर देतो: मी फार आवेशाने तुझी सेवा केली, सगळ्यांनी तुला सोडलं, मी एकटाच उरलो. मग वारा होतो, भूकंप होतो, अग्नी होतो, मंद वाणी होते. देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो. आणि एलीया पुन्हा तेच उत्तर देतो. शब्दाला शब्द. एवढं सगळं घडून गेलं तरी त्याचं पाठ केलेलं वाक्य बदललं नाही. मी पुस्तक मिटलं. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणांजवळ..." मलाही प्रश्न विचारला गेला असेल, आणि मी वीस वर्षं हेच उत्तर दिलं असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारचा तास पूर्ण केला आणि वर एक मिनिट बसले. काही झालं नाही. मग किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. एक मच्छीमार कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि आत येणाऱ्या होडीला हात वर करून, तळवा पुढे धरून, थांब म्हणून खुणावत होता.

तो तळवा बघितला आणि मला पप्पा दिसले.

2019 साली पप्पा गेले, सरकारी रुग्णालयात, शेवटचे तीन दिवस मी उशाशी होते. शेवटच्या संध्याकाळी मंडळीतल्या बायका आल्या होत्या आणि मी प्रार्थना करत होते, मोठ्याने, वॉर्डातले इतर रुग्णही हात जोडून ऐकत होते. पप्पांनी हात उचलला होता. तळवा पुढे. मी तो हात हातात घेतला आणि अजून आवेशाने प्रार्थना केली. सगळ्यांना सांगत आले की पप्पांनी शेवटी हात उंच करून स्तुती केली. ती साक्ष मी किमान दहा वेळा दिली असेन.

लहानपणी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की पप्पा असाच हात करायचे. तळवा पुढे, बोटं सरळ. जरा गप्प बसा, ऐकू द्या.

त्यांना काय ऐकायचं होतं? की काही सांगायचं होतं? मला कधीच कळणार नाही. मी ओल्या वाळूत बसले आणि खूप वेळ रडले. सासूबाईंचा प्रश्न आठवला. जवळ कुणी नव्हतं. पण मी एकटी होते असं मी म्हणू शकत नाही. याहून जास्त काही त्याबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

त्या रात्री खाडीपलीकडे बोरिवलीच्या बाजूला फटाके वाजत होते. दिवाळी सुरू झाली होती. मी जागीच होते. सिस्टरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, स्वतःला दोष देऊ नका, तुमचं प्रेमच होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बराच वेळ. मग एवढंच म्हणाल्या, "आता त्यांच्याजवळ बसा. आज दुसरं काही वाचू नका." म्हणून चौथा दिवस मी मनाने त्या खाटेशेजारी बसले, चारही तास, एक शब्द न बोलता. प्रभू तिथे होता का? मला वाटतं होता, आधीपासूनच होता, त्या संध्याकाळीही, माझ्या आवाजाखाली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन परत मिळाला. तीनशेच्या वर संदेश होते. एकाही संदेशाने काही बिघडलेलं नव्हतं. सासूबाईंच्या गोळ्या ह्यांनी आणल्या होत्या.

परतल्यावर सगळं सुरळीत झालं असं सांगण्यासारखं नाही. बोरिवलीहून गर्दीची लोकल मिळाली आणि दादर येईपर्यंत मी एका बाईशी सीटवरून भांडले होते. पहाटेचं बसणं कधी आठवडाभर नीट होतं, कधी चार दिवस चुकतं. परीक्षांच्या काळात तर पाटावर बसल्या बसल्या डोळा लागतो. सिस्टरांनी निघताना चौथ्या शतकातल्याच मोशे नावाच्या एका साधूचं सांगितलं होतं. त्याच्याकडे कुणी सल्ला मागायला आला, तेव्हा तो म्हणाला, जा, आपल्या खोलीत बस, खोली तुला सगळं शिकवील. माझी खोली म्हणजे तांदळाचा डबा, न लागणारी आणि मग लागलेली कडी, पाच वाजताच्या बादल्या. काय शिकवते ते रोज कळत नाही. आता बादल्या वाजू लागल्या की मी त्यांनाच धरते. खालच्या मजल्यावरची विधवा पाणी भरते आहे, शेजारचा रात्रपाळीचा मुलगा परत आला आहे. एकेकाला मनात धरते आणि सोडते. तीही प्रार्थनाच असावी.

काही दिवसांपासून सासूबाई साडेचारला उठून आत येतात आणि माझ्याशेजारी खुर्चीवर बसतात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

महिला मंडळात मी पप्पांची ती साक्ष दुरुस्त केली. हे सगळ्यांत अवघड गेलं. उभी राहिले आणि म्हणाले की मी तुम्हाला जे सांगत आले ते चुकीचं होतं, पप्पा मला थांबायला सांगत होते. कुणी काही बोललं नाही. मग मी विनंती केली की सभेच्या शेवटी दोन मिनिटं आपण गप्प बसू. पहिल्या गुरुवारी चाळीस सेकंदांत एकीने भजन सुरू केलं आणि सगळ्या गाऊ लागल्या. मीही गायले. पुढच्या गुरुवारी जरा जास्त टिकलं. आता दोन मिनिटं होतात, कधी तीनही. मौन विपश्यनेचं असं म्हणणारी बाई आता घड्याळ सांभाळते.

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात, ईयोबावर संकटं कोसळल्यावर त्याचे तीन मित्र त्याला भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि कुणीही एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. नंतर ते तोंड उघडतात आणि पस्तीसेक अध्याय बोलणं चालतं. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, त्यांच्या बोलण्याबद्दल. त्या सात दिवसांबद्दल नाही. आजाऱ्यांना भेटायला जाताना मी आता हे डोक्यात ठेवते.

गेल्या महिन्यात परळला मंडळीतल्या एका मावशींकडे गेले होते. त्यांना घरी आणलं होतं, पुढे काही करण्यासारखं नाही म्हणून. सून म्हणाली, "बाई, प्रार्थना करा ना." मी म्हणाले करते, आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. सून थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली. मावशींचे डोळे मिटलेले. भिंतीवरचं कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या तोंडात शब्द आले, मी त्यांना जाऊ दिलं. अर्धा तास झाला असेल.

मावशींनी डोळे न उघडता म्हटलं, "पंखा जरा बारीक कर गं."

मी उठून पंखा एकवर आणला. कॅलेंडर थांबलं. परत स्टुलावर बसले, थोडी पुढे वाकून, आणि मावशी अगदी हळू आवाजात बोलू लागल्या.